पाणाड्याच्या नातीला विज्ञान शिकवताना

सुरुवात शेळीपासून करतो, कारण माझ्या नव्या अध्यापनपद्धतीची पहिली परीक्षा तिनेच घेतली.

नगरला आम्हा विज्ञान शिकवणाऱ्यांचं एक प्रशिक्षण झालं होतं. विषय : ज्ञानरचनावाद. म्हणजे असं, की मूल हे काही रिकामं मडकं नाही, शिक्षकाने वरून ओतावं आणि ते भरावं. मूल आपलं ज्ञान आपणच रचतं, आधी जे डोक्यात असतं त्याच्यावर एकेक वीट ठेवत. शिक्षकाने फक्त गवंड्याला पाणी द्यायचं. त्याला आता शिक्षकही म्हणायचं नाही, सुलभक म्हणायचं. सुलभकाने उत्तर सांगायचं नाही. ‘तुला काय वाटतं?’ असं विचारायचं आणि गप्प बसायचं. “उत्तर देणारा शिक्षक मुलाचा विचार चोरतो,” असं तिथले तज्ज्ञ म्हणाले, आणि मी मुळापासून हललो. जेवणाच्या पंगतीत वाढप्याने विचारलं, “सर, गुलाबजाम?” तर मी म्हणालो, “तुम्हाला काय वाटतं?” त्याला वाटलं नाही. तो पुढे गेला.

तर शाळेत आल्या आल्या मी सहावीला विचारलं, बी रुजायला काय काय लागतं? मुलांनी वाट्यांमध्ये मटकी मांडली. एक ओली, एक कोरडी, एक पाण्यात बुडालेली, सगळ्या व्हरांड्यात, आणि एक कपाटात, अंधारात. सोमवारी शाळा उघडून पाहतो तर कुंपणाच्या भगदाडातून शेळी येऊन गेलेली. व्हरांड्यातल्या वाट्या चाटूनपुसून लख्ख. कपाटातल्या मटकीला मात्र हे एवढाले मोड. मुलांनी चर्चा केली आणि एकमताने निष्कर्ष काढला : ‘बी रुजायला अंधार लागतो आणि शेळी लागत नाही.’ मुलांच्या प्रत्येक निष्कर्षाचा मान ठेवायचा हा नियम, म्हणून मी तो फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिला.

मुख्याध्यापिका बाई दारातून वाचून आत आल्या.

“सर, हे पुस्तकात आहे का?”

“नाही बाई, हे मुलांनी स्वतः रचलंय.”

“मग पुसून टाका. साहेब तपासणीला आले तर शेळी कुठे दाखवायची?”

मी पुसलं. पण उत्साह काही पुसला गेला नाही, आणि तिथेच घोळ झाला.

आमचं गाव सुप्याच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून आत, माळावर. निम्म्या घरांतली माणसं कंपन्यांमध्ये पाळीवर जातात, निम्मी शेती करतात, आणि पुष्कळ घरांत एकच माणूस दोन्ही करतो आणि वर्गात येऊन पोराच्या प्रगतीबद्दल ऐकता ऐकता उभ्या उभ्या झोपतो. जमिनीत दोन हात माती, खाली काळा खडक. त्यामुळे विज्ञानातला एकच प्रश्न गावाला खरा वाटतो : पाणी कुठे लागेल?

सातवीला जमिनीखालच्या पाण्याचा भाग आला तेव्हा मी हाच प्रश्न वर्गाला टाकला. “जमिनीच्या पोटात पाणी कुठे आहे, हे बाहेरून कसं कळतं?”

आख्खा वर्ग ओरडला, “नारळानं!”

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पाणाड्या, म्हणजे पाण्याची जागा दाखवणारा माणूस, तळहातावर नारळ आडवा ठेवतो, शेंडी बोटांकडे, आणि रानातून हळूहळू चालतो. खाली पाणी असलं की नारळ हातावर आपोआप उभा राहतो. तिथे दगड ठेवायचा, फुलं वाहायची आणि बोअरची गाडी बोलवायची. आमच्या गावाचा पाणाड्या म्हणजे एक म्हातारे गृहस्थ, पांढरी टोपी, जुनी लुना. त्यांची नात माझ्या सातवीत, मुलींच्या बाजूला दुसऱ्या रांगेत. वर्गात सगळ्यांत जास्त प्रश्न तिचे. आजोबांचा नारळ लहानपणापासून हिच्या पिशवीत असायचा. ते कुठे पाणी बघायला निघाले की ही लुनावर मागे.

आजोबा पाणी बघायचे पैसे घेत नसत. पैसा घेतला की हातातला गुण जातो. घ्यायचं ते फक्त एक नारळ आणि जेवण. पण बोलवायला माणूस गाडी घेऊन यायचा, सतरंजी अंथरायचा, पहिलं ताट त्यांचं वाढलं जायचं. घरात दोन्ही मुलगे कमावते, शेतात काय पेरायचं हेही म्हाताऱ्याला आता कोणी विचारत नव्हतं. त्यांना विचारलं जायचं ते फक्त पाण्याबद्दल. तेवढाच एक उंबरठा राहिला होता जिथे त्यांच्या शब्दाला वजन होतं, आणि ते वजन नातीच्या पिशवीत होतं.

वर्गातला एक मुलगा उठला. त्याच्या वडिलांची बोअर नुकतीच कोरडी गेली होती.

“सर, हिच्या आजोबांनीच पॉइंट दिल्ता. नुस्ता फुफाटा निघाला. माझा बाप आजून शिंकतोय.”

“तुज्या बापानं गाडी कुठं लावली?” ती बसल्या जागेवरून कडाडली. “पॉइंट बांधावर हुता. गाडी लावली आंब्याखाली. डायवरला ऊन लागतंय म्हनून!”

वर्ग हसला. मीही हसलो, आणि माझं ते हसू तिने बरोबर टिपलं. मुलांच्या हसण्यात आणि माझ्या हसण्यात फरक होता. मुलं आंब्याला हसत होती, मी नारळाला.

“सर, तुमाला खोटं वाटतं ना?”

आता खरं तर इथे म्हणायचं होतं, हो बाळ, खोटं आहे, आणि का ते सांगतो. पण मी सुलभक होतो. मी म्हणालो, “मला काय वाटतं ते सोड. तुला काय वाटतं? आणि खरं-खोटं कसं ठरवशील?”

ती विचार करत उभी राहिली. पोराच्या चेहऱ्यावरचा हा विचार बघायला मिळावा म्हणून माणूस मास्तर होतो. बाकी या नोकरीत बघण्यासारखं फारसं काही नसतं.

“आजोबांना हितं आनते,” ती म्हणाली. “आदी डोळं उघडं ठिवून मैदानात पॉइंट काडतील. आपन खुना करू. मग डोळं बांदू आनि परत चालवू. त्याच खुनांवर नारळ उभा ऱ्हायला तर ह्यानं माफी मागायची. समद्यांसमोर.” मग माझ्याकडे बघून, जरा खालच्या आवाजात, “तुमी पन.”

“आणि नाही राहिला तर?”

“ऱ्हाईलच.”

सातवीतल्या पोरीने माझ्या डोळ्यांदेखत एक चोख प्रयोग उभा केला होता. तोही आजोबा खोटे आहेत हे दाखवायला नव्हे, खरे आहेत हे दाखवायला. तो कुठे जाऊन पडणार हे वर्गात एकट्या मला दिसत होतं. पण उत्तर देणं म्हणजे चोरी. आणि चोरी करायची नसेल तर दुसऱ्याच्या घराला आग लागताना खिडकीतून बघत राहायचं, असा मी त्या तत्त्वाचा अर्थ लावला होता. शिवाय, खोटं कशाला बोलू, मला बघायचंही होतं.

आजोबा खुशीत आले. धुतलेली टोपी, कपाळाला बुक्का. शाळेत बोलावलंय, तेही नातीच्या वर्गाने, याचा त्यांना केवढा आनंद. बाईंनी चहा दिला. “मास्तर, शाळंला बोअर घ्यायची का?” म्हणून आजोबांनी विचारलं. मी म्हणालो, प्रयोग आहे. “करा की,” ते म्हणाले, “नारळाला काय, शाळा असू नायतर स्मशान.”

उघड्या डोळ्यांनी ते मैदानभर फिरले. नारळ खरंच उभा राहिला. एकदा झेंड्याच्या ओट्याजवळ, एकदा कुंपणाच्या कडूनिंबापाशी, एकदा पाण्याच्या टाकीशेजारी. मुलं श्वास रोखून बघत होती. नातीने प्रत्येक जागी चुन्याची फुली केली. मधेच मी म्हणालो, “मला द्या बरं.” नारळ हातावर घेतला, टाकीशेजारच्या फुलीवर जाऊन उभा राहिलो, आणि माझ्या हातावरचा नारळ, माझ्यासारख्या बी.एस्सी. झालेल्या माणसाच्या हातावरचा, टुणकन उभा राहिला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. आजोबा म्हणाले, “मास्तर, तुमच्या हाताला बी थोडा हाय.” मी नारळ असा परत केला, जसा चुकून धरलेला दुसऱ्याच्या बायकोचा हात सोडावा.

मग तिने आपली ओढणी काढून आजोबांच्या डोळ्यांवर बांधली. स्वतः बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली. “सैल न्हाई ना ऱ्हायली? न्हाईतर हा म्हनंल बगितलं.”

मी आजोबांचा खांदा धरून त्यांना जरा गोल फिरवलं आणि सोडलं. नारळ उभा राहिला. वर्गाच्या पायरीवर. परत फिरवलं. उभा राहिला मुलांच्या मुतारीमागे. “तिथं बी पानीच हाय की,” एक जण म्हणाला आणि हशा पिकला. पुन्हा. या वेळी ते झेंड्याच्या ओट्याजवळच्या फुलीवरून सरळ चालत गेले आणि नारळ आडवाच राहिला. हशा थांबला. नातीच्या हातात चुन्याचा डबा होता. ती फुली करायची विसरून नुसती मागे मागे चालत होती.

ओढणी सोडल्यावर आजोबांनी डोळे चोळले आणि मैदानाकडे बघितलं. कुठे फुल्या होत्या आणि ते कुठे उभे होते.

“घाबरला जनू नारळ,” ते हसून म्हणाले. पाणी मागितलं, प्यायले आणि लुना ढकलत फाटकाबाहेर गेले. ती फाटकाच्या आतच चालू करता आली असती.

मी? मी हवेत होतो. मुलांना म्हणालो, आता प्रत्येकाने आपापला निष्कर्ष लिहा. मोकळेपणाने. ते वाचायला घेतले आणि हवेतून खाली यायला लागलो. एकाने लिहिलं, ‘डोळे बांधले की पाणी जागा बदलते.’ दुसऱ्याने, ‘नारळाला तीन डोळे असतात. तेसुद्धा बांधायला पाहिजे होते.’ पुष्कळांनी लिहिलं, ‘शाळेत गुण चालत नाही.’ फुफाट्याच्या मुलाने लिहिलं, ‘मी आधीच सांगितले होते,’ एवढंच. ‘नारळाला पाणी कळत नाही’ असं एकानेही लिहिलं नव्हतं. नातीचा कागद कोरा होता.

पण या कागदांचं कोणाला काय पडलेलं? प्रयोग चालू असताना मी एका मुलाला माझ्या मोबाइलवर व्हिडिओ काढायला लावला होता. तो मी त्याच दिवशी शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला. वर ओळ लिहिली, ‘मुलांनी स्वतः रचलेले ज्ञान.’ अंगठे आले, टाळ्या आल्या, केंद्रप्रमुखांनी तर फुलांचा गुच्छ पाठवला. शिक्षकांच्या ग्रुपवरून तो कोणाच्या तरी मेव्हण्याकडे गेला, मेव्हण्याकडून गावच्या ग्रुपवर, आणि संध्याकाळी पारावर माझ्या प्रयोगाचा निष्कर्ष गावाने काढला. तो असा : गुणाची कसोटी घ्यायची नसते. घेतली की गुण जातो. मास्तरनं म्हाताऱ्याचा गुण घालवला.

गावाचा नारळावरचा विश्वास तसूभरही हलला नाही. हलला तो आजोबांवरचा. पाणी बघायला आता शेजारच्या गावचा एक जण येऊ लागला, तांब्याच्या दोन सळ्या घेऊन. रचनावाद म्हणतो, आधी जे डोक्यात असतं त्यावर नवं रचलं जातं. अगदी खरं आहे. मी नवी वीट दिली होती, गावाने ती जुन्याच भिंतीत बसवली. फक्त बसवताना तिथला एक म्हातारा काढून बाजूला ठेवला.

नंतर मी पाहायचो, आजोबांची लुना घराच्या भिंतीला टेकून असायची आणि ते शेजारी खाटेवर. दोघांवर सारखीच धूळ.

एके दिवशी मधल्या सुट्टीत ते शाळेत आले. टोपी हातात.

“मास्तर, पोरगी माझ्यासंगं बोलंना. जेवायला शेजारी बसत न्हाई. तिच्या मनात भरलंय का गाठ तिनं मारली, तवा गुण तिनंच घालवला. तिला काय तरी सांगा.”

“काय सांगू, आजोबा?”

“आता तुमी मास्तर आनि मला इचारता व्हय?” मग जरा थांबून म्हणाले, “आनि मला बी सांगा. आजवर उभा ऱ्हायचा, त्यो खरा उभा ऱ्हात हुता का न्हाई?”

आणि मी, देवा शपथ, सवयीने म्हणालो, “तुम्हाला काय वाटतं?”

ते माझ्याकडे बघत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते असे बघत होते, जसं आपण बिघडलेल्या घड्याळाकडे बघतो. टोपी घातली आणि गेले.

त्या दिवशी मी पहिल्यांदा ठरवलं की उत्तर द्यायचं. पण कोणतं? गुण नव्हताच असं सांगितलं तर तिच्या डोक्यातून गाठीचं ओझं जाईल, पण मग आजोबा जन्मभर लोकांना फसवत आले असं होईल. गुण होता म्हणावं तर तो तिनेच घालवला. तिसरं उत्तर खरं होतं, आणि ते माझ्याकडे होतं : हात आपल्या नकळत हलतो. मनात आलं की इथे पाणी असावं, की मनगट केसभर वळतं, ज्याचं मनगट त्यालाही कळत नाही. आजोबा खोटं बोलत नव्हते आणि नातीने काही घालवलं नव्हतं. माझाच नारळ नव्हता का उभा राहिला? इतकं सोपं. हे सांगायला मी इतके दिवस कशाला लावले, असं वाटून मला स्वतःचाच राग आला. मग लगेच कौतुक वाटायला लागलं. ही माझी जुनी खोड.

शाळा सुटल्यावर मुलींच्या घोळक्यातून तिला थांबवलं. बाईही होत्या. दोऱ्याला लोखंडी नट बांधला, खाली पेल्यात पाणी ठेवलं. “हा दोरा चिमटीत धर. हात अजिबात हलवू नकोस. आणि मनात म्हण, पाण्यावर नट गोल फिरतो.”

तिने धरला. नट आधी थरथरला, मग डुलला आणि मग संथ गोल फिरायला लागला. तिचे डोळे मोठे झाले. कितीतरी दिवसांनी.

“तू हलवलास?”

“न्हाई सर. आईची आन.”

“तरी फिरला. बघ, आपला हात आपल्या नकळत हलतो. आजोबांचाही असाच हलायचा. ते खोटं बोलत नव्हते.”

“आजोबा खोटं बोलत न्हवते,” ती हळूच म्हणाली.

“मुळीच नाही. आणि तू काही घालवलं नाहीस.”

मग मी आणखी पक्कं करायला गेलो. चांगला शिक्षक एका निरीक्षणावर थांबत नाही. पेला रिकामा केला, पालथा घातला. “आता धर. आता पाणी नाहीये.” नट पुन्हा फिरला, तितकाच गोल.  हेच ते, म्हटलं, हाच तो क्षण. आणि मी माझा लाडका प्रश्न विचारला.

“मग यावरून तुला काय वाटतं?”

तिने नटाकडे पाहिलं, खाली फरशीकडे पाहिलं आणि तिचा चेहरा असा उजळला की मला तिचं उत्तर ऐकण्याआधीच आनंद झाला.

“सर, फरशीखाली पानी असंल. गुन गेला न्हाई, सर. माझ्याकडं आला!”

मी तोंड उघडलं. “अगं नाही, म्हणजे…” पण ती दप्तर उचलून पळालीसुद्धा होती. आजोबांना सांगायला. बाई माझ्याकडे बघत होत्या.

“सर,” त्या म्हणाल्या, “हे तरी पुस्तकात आहे का?”

दुसऱ्या दिवशी ती वर्गात हात वर करून बसली होती. घरी आजोबा-नात पुन्हा एका ताटात जेवले होते. मी तिला बाजूला घेऊन समजावलं, फळ्यावर मनगटाचं चित्र काढून समजावलं, तिने मान डोलावली. “व्हय सर, हात नकळत हालतो,” ती म्हणाली. “गुन तसाच हालवतो.” मी काहीही सांगितलं तरी तिच्याकडे त्याला बसवायला जागा तयार होती. मी आजोबांकडे जायचं ठरवलं, गेलोही. ते ओसरीवर नारळाची शेंडी नीट करत होते. मला बघून उठून उभे राहिले, हात जोडले. “मास्तर, घालवला तुमीच आनि दिला बी तुमीच.” नातीने चहा आणला. मी चहा प्यालो आणि परत आलो. काय बोलायचं ते सगळं पाठ करून गेलो होतो.

गावात बातमी फिरली. पोरीला गुण आलाय आणि, हे ऐका, शाळेत सरांनी टेस्ट घेतली, पास झाली. माझं नाव आता प्रमाणपत्रासारखं वापरलं जात होतं. पहिला पॉइंट तिने दिला तो पावसाळा नुकताच सरला तेव्हा. त्या दिवसांत आमच्याकडे कुठेही भोक पाडलं तरी थोडं पाझरतं. दोन इंची पाणी लागलं. मग काय विचारता! आजोबा लुना चालवायचे, ती मागे. फरक इतकाच की आता पिशवी आजोबांच्या गळ्यात असायची. सतरंजी, पहिलं ताट, सगळं परत आलं. वर्गात मात्र तिची जागा रिकामी राहू लागली. बाई हजेरी घेताना विचारायच्या, “सर, तुमच्या शास्त्रज्ञ आज कुठल्या दौऱ्यावर?”

उन्हाळ्याच्या तोंडाला तिला एका डाळिंबवाल्याने बोलावलं. बाग सुकायला लागली होती. शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर मीही गेलो, तिला सोमवारपासून शाळेत पाठवा म्हणून सांगायला. पोचलो तर पॉइंट देऊन झाला होता आणि बोअरची गाडी चालू होती. आवाजाने कान फुटत होते. पाइपाच्या तोंडातून पांढरा फुफाटा येत होता. लोक टोपीने नाक झाकून उभे होते आणि वाट बघत होते की फुफाटा ओला कधी होतो.

तो ओला झाला नाही. गाडीवाला एकेक पाइप जोडत गेला, फुफाटा पांढऱ्याचा तांबडा झाला, तांबड्याचा पुन्हा पांढरा झाला. हळूहळू लोक फुफाट्याकडे बघायचे थांबले आणि तिच्याकडे बघायला लागले.

“सर, तुमी तर तपासलीवती ना हिला?” कोणीतरी मला विचारलं.

तीही माझ्याकडे बघत होती. नारळ अजून हातात. आता एका वाक्याचं काम होतं. या पोरीचा काही दोष नाही, गुण-बिण काही नसतो, खाली खडक आहे आणि उन्हाळा आहे. मी म्हणालो, “अं… तसं तपासणं म्हणजे…” आणि गाडीच्या आवाजात ते गेलं. गाडीचा आवाज तेव्हा तितका मोठा नव्हता खरं तर. गाडीवाला पाइप बदलत होता.

बागवाल्याने हात वर केला. गाडी बंद झाली. एकदम शांत झालं. तो काही वाईट माणूस नव्हता. “असू द्या,” तो म्हणाला, “पोर हाय.” शिव्या दिल्या असत्या तर ती भांडली असती.

आजोबा पुढे झाले. “पॉइंट माझा हुता. तिनं दुसरीकडं दावला हुता, मीच हितं लावा म्हनलं.”

“आजोबा,” बागवाला समजुतीने म्हणाला, “तुमचा तर गुन कवाच गेलाय.”

 नातीने नारळ पिशवीत ठेवला, पिशवी लुनाच्या हँडलला अडकवली आणि मागे बसली. आजोबांनी लुना चालू करायला बरेच पेडल मारले. कोणी हसलं नाही. आजोबा खोटे नाहीत हे दाखवायला ही पोर निघाली होती, आणि आता दोघं मिळून खोटी ठरली होती. नारळ मात्र सुटला. बागवाला तिथेच उभ्या उभ्या तांब्याच्या सळ्यावाल्याला फोन लावत होता.

सोमवारी ती शाळेत आली. मी सोमवारपासून पाठवा म्हणणार होतो, ते म्हणावंच लागलं नाही. दुसऱ्या रांगेत न बसता मागे, भिंतीला टेकून बसली. फुफाट्याच्या मुलाने तिच्याकडे वळून पाहिलं आणि, त्याचं कौतुक करायला हवं, काही बोलला नाही.

मी उष्णतेचा भाग घेतला होता. टेबलावर लोखंडी डबा आणि लाकडी पट्टी ठेवली. सगळ्यांना हात लावायला सांगितलं. कोणतं जास्त गार? सगळे म्हणाले, डबा. मग तापमापी लावली, दोन्हीचं तापमान सारखं. वर्गात कुजबुज सुरू झाली. हा माझ्याजवळचा सगळ्यांत चांगला धडा आहे. यात शेळी नाही, नारळ नाही, कोणाचे आजोबा नाहीत. एके काळी या कोड्यावर तिने वर्ग डोक्यावर घेतला असता.

मी मागे तिच्यापाशी गेलो. “सारखंच तापमान, मग हाताला डबा गार का लागतो? तुला काय वाटतं?”

ती उभी राहिली. नियमाप्रमाणे मी गप्प राहिलो, वाट पाहिली. ती माझ्याकडे बघत नव्हती, टेबलावरच्या डब्याकडेही बघत नव्हती.

“सर, तुमीच सांगा.”

“अगं, चुकलं तरी चालेल. बोल.”

“काय लिहायचं तेवडं सांगा,” ती म्हणाली. “मी लिहून घेते.”

तिच्या पुढच्या मुलीनेही वही उघडली. मग तिच्या शेजारणीने. फुफाट्याच्या मुलानेही पेनचं टोपण काढलं. मी टेबलापाशी परत आलो आणि सांगायला लागलो. धातू हा उष्णतेचा सुवाहक आहे, स्वल्पविराम, लाकूड हे दुर्वाहक आहे, पूर्णविराम. सगळी डोकी खाली, पेनं चालू. बाई व्हरांड्यातून जाता जाता थांबल्या, वर्ग इतका शांत बघून बरं वाटलं त्यांना, आणि काही न विचारता पुढे गेल्या. तास संपायला अजून वेळ होता, म्हणून मी पुढचा धडाही सांगून टाकला.